दारापलीकडे जाऊन आलेली माणसे

दिवाळी तोंडावर आली की आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अस्तंब्याच्या यात्रेची गडबड सुरू होते. हे शिखर सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात. खानदेशातून माणसे येतात, शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही येतात, आणि दगडधोंड्यांची अवघड वाट तुडवीत वर चढतात. वर अश्वत्थामा राहतो, अशी त्यांची श्रद्धा. त्याच्या कपाळाची जखम अजून भरलेली नाही, तो जखमेसाठी तेल मागत डोंगरात हिंडतो, असे सांगतात. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगतात. यात्रेत कोणी वाट चुकला, तर अश्वत्थामाच त्याला वाट दाखवतो.

आता घटकाभर विचार करा. महाभारतातला अश्वत्थामा कोण? रात्री झोपेत असलेल्या द्रौपदीच्या पाच मुलांना मारणारा. उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडणारा. त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला गेला, कृष्णाने त्याला शाप दिला, आणि कथा त्याला रानात सोडून पुढे निघून गेली. मग वाटसरूंना वाट दाखवणारा हा अश्वत्थामा आला कोठून? तो व्यासांनी लिहिलेला नाही. तो ऐकणाऱ्यांनी घडवला. “एवढी वर्षं हिंडतोय बिचारा, काही तरी शिकला असेलच की,” असे कोणाच्या तरी मनात आले असणार, आणि ते बाकीच्यांना पटले असणार.

आज मला बोलायचे आहे ते याच गोष्टीवर. कथेतले पात्र बदलले, किंवा बदलायला हवे होते आणि बदलले नाही, तर वाचणारे आणि ऐकणारे काय म्हणतात? आणि का म्हणतात? त्यासाठी मी एका खास जातीच्या कथा घेणार आहे. त्यांना आपण ‘दारापलीकडच्या कथा’ म्हणू. अशा कथेत तुमच्याआमच्यासारखे एखादे माणूस कुठल्यातरी दारातून, बिळातून किंवा आरशातून निराळ्याच जगात जाते. तिथले कायदे निराळे, तिथली माणसे निराळी. काही दिवस तिथे काढून ते बहुधा परत येते. म्हणजे कथेचे भाग तीन: उंबरठा ओलांडणे, तिकडचा मुक्काम, आणि परत येणे.

या जातीची सर्वांत प्रसिद्ध कथा म्हणजे ॲलिसची. लुईस कॅरल यांनी ती इंग्रजीत लिहिली आणि १८६५ साली ती छापून निघाली. ससा पळतो, त्याच्या मागे ही मुलगी बिळात उतरते आणि नवलाच्या देशात पोचते. देवदत्त नारायण टिळक यांनी तिला मराठी वेष देऊन ‘जाईची नवलकहाणी’ केली. या गोष्टीत मुलगी कधी बोटभर होते, कधी झाडाएवढी वाढते. पण तिचा स्वभाव? तो आत जाताना जसा होता, जवळजवळ तसाच बाहेर येताना राहतो. याबद्दल कोणी वाचक तक्रार करीत नाही. कारण ते स्वप्न आहे, गंमत आहे, हे पहिल्यापासून कळलेले असते.

आपल्या सुरुवातीच्या मराठी कादंबऱ्यांतही अद्भुत पुष्कळ होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. पुढे रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली. या कादंबऱ्यांत सज्जन असतो तो शेवटपर्यंत सज्जन, दुष्ट असतो तो दुष्ट. संकटांवर संकटे येतात, पण माणूस आतून हलत नाही. वाचकाची चिंता एवढीच, की नायक-नायिकेची गाठ पडते की नाही. नंतर हरिभाऊ आपटे आले. त्यांनी घरातल्या साध्या माणसांची मने उघडून दाखवली, आणि माणूस कशाने बदलतो, कशाने मोडतो, हे पाहायची सवय मराठी वाचकाला लागली. ही सवय एकदा लागली की सुटत नाही. मग कथा राजवाड्यातली असो की परीच्या राज्यातली, वाचक विचारतोच: “हा असा का वागला? काल तर असा नव्हता!”

इंग्लंडातही असेच झाले. ॲलिसनंतर पंचाऐंशी वर्षांनी, १९५० साली, सी. एस. लुईस या प्राध्यापकांनी मुलांसाठी एक पुस्तक लिहिले. लढाईच्या दिवसांत लंडनवर बाँब पडत होते, म्हणून चार भावंडांना खेड्यात एका म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या घरी पाठवलेले असते. त्या घरात कपड्यांचे एक मोठे कपाट. धाकटी मुलगी घर पाहत हिंडताना आत शिरते, तो पुढे कपडे संपून बर्फ लागते आणि झाडे लागतात. तो देश नार्निया. तिथे एका चेटकिणीचे राज्य आहे आणि हिवाळा संपतच नाही. १९५० ते १९५६ या काळात या देशाची सात पुस्तके निघाली.

या पुस्तकांतील दोन मुलांची मी तुम्हांला ओळख करून देतो. एक भाऊ आहे, एडमंड. दुसरी बहीण आहे, सुझन. दोघेही वाट सोडतात. पण वाचकांनी एकाला मनापासून क्षमा केली आणि दुसरीबद्दलचे भांडण अजून मिटलेले नाही. ते का, हे पाहण्यासारखे आहे.

एडमंडचे असे. चेटकीण त्याला भेटते, मिठाई खायला देते. त्या मिठाईवर जादू असते, जितकी खावी तितकी हाव वाढते. ‘तुझ्या भावाबहिणींना माझ्याकडे घेऊन ये, मी तुला राजपुत्र करते,’ असे ती सांगते. मुलगा घरी येऊन खोटे बोलतो, पुढे भावंडांना सोडून एकटाच तिच्या वाड्यावर जातो. तिथे मिठाई नाही. शिळी भाकर आणि पाणी मिळते. मग थंडीत, बर्फात, तिच्या गाडीतून त्याची फरफट सुरू होते. वाटेत काही प्राणी आनंदाने जेवायला बसलेले असतात. चेटकीण रागावून त्या सगळ्यांचा दगड करते. ते पाहून एडमंडला त्या कथेत पहिल्यांदाच स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाची तरी कीव येते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही जागा नीट लक्षात ठेवा. त्याला कोणी उपदेश केलेला नाही. तो भुकेला आहे, गारठला आहे, फसला आहे, आणि त्या अवस्थेत दुसऱ्याचे दुःख त्याला दिसते. आपण वाचक त्या गाडीत त्याच्या शेजारी बसलेले असतो. म्हणून पुढे तो शहाणा होतो तेव्हा आपल्याला नवल वाटत नाही. आपण ते होताना पाहिलेले असते.

आता सुझन. ती चौघांतली दुसरी, समजूतदार, जराशी भित्री. पहिल्या पुस्तकात ती नार्नियाची राणी होते. १९५१ सालच्या दुसऱ्या पुस्तकात ती भीतीचे ऐकते आणि बाकीच्यांना जे दिसू लागते ते तिला उशिरा दिसते. आणि १९५६ सालच्या शेवटच्या पुस्तकात सगळी जुनी मंडळी एकत्र जमतात, तेव्हा ती नसतेच. ती आता नार्नियाची राहिली नाही, असे तिचा थोरला भाऊ तोडून सांगतो. दुसरे कोणी सांगते की तिला आता नायलॉनचे मोजे, ओठांची लाली आणि मेजवान्यांची आमंत्रणे यांपलीकडे काही सुचत नाही. नार्नियाचे नाव काढले तर ती म्हणते, लहानपणी आपण काय गमतीचे खेळ खेळायचो! बस्स, चार-सहा ओळी. आणि तिचे आईबाप, भाऊ-बहीण सगळे आगगाडीच्या अपघातात गेलेले आहेत, हे पुढे कळते. सुझन मागे एकटी राहिली.

यावर वाचकांनी काय म्हटले? एक मुलगा लेखकालाच पत्र लिहून विचारता झाला. १९५७ च्या जानेवारीत लुईस यांनी त्याला जे उत्तर दिले त्याचा आशय असा: सुझनचे पुढे काय झाले ते पुस्तकात सांगितलेले नाही. ती या जगात जिवंत आहे, सध्या थोडी उथळ झाली आहे, पण सुधारायला तिच्यापुढे पुष्कळ वेळ आहे आणि ती तिच्या वाटेने पोचेलही. म्हणजे लेखकानेही तिच्यापुढे दार लावून घेतले नव्हते.

पण पुस्तकात हे नव्हते, म्हणून भांडण चालूच राहिले. फिलिप पुलमन या इंग्रज कादंबरीकाराने १९९८ साली फार कडक टीका केली. मुलगी मोठी होते, नटावेसे वाटू लागते, हा काय गुन्हा झाला, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. नील गेमन या लेखकाने २००४ साली एक कथाच लिहिली. तिच्यात त्यांनी म्हाताऱ्या झालेल्या अशाच एका बाईला मध्ये आणले आणि घरचे सगळे एका दिवशी गेल्यावर मागे उरलेल्या मुलीने काय सोसले असेल, याकडे वाचकाचे लक्ष वळवले. लुईस यांची बाजू घेणारेही थोडे नाहीत. त्यांचे म्हणणे, दोष लालीचा नाही. जे डोळ्यांनी पाहिले, ज्या राज्यात राणी होऊन राहिली, त्याला ती ‘खेळ’ म्हणाली, हा खरा दोष. शिवाय तिचे भ्यालेले मन दुसऱ्या पुस्तकातच दाखवले होते, असे ते सांगतात.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरी मला वाटते, वाचकाला खटकते ते निराळेच. एडमंड बिघडला आणि सुधारला तो आपल्या समोर. सुझन बदलली ती आपल्या पाठीमागे. तिच्याबद्दल बोलणारे सगळे हजर, आणि ती एकटी गैरहजर! गावच्या बैठकीतसुद्धा ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावतात, त्याचे म्हणणे ऐकतात. इथे तिला कोणी बोलूच दिले नाही. वाचक बोलणारा सिंह मान्य करतो, कपाटातला बर्फ मान्य करतो. पण माणसाचे मन त्याच्या माघारी बदलले, असे कोणी नुसते सांगितले, तर ते तो मान्य करीत नाही.

हे सगळे विलायतेतले झाले. पण या परीक्षेसाठी आपल्याला तितके दूर जायची गरज नाही. तोरणमाळाला जाऊन आलेल्यांना तिथले गोरखनाथांचे मंदिर ठाऊक आहे, मच्छिंद्रनाथांची गुहा ठाऊक आहे. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. या गुरुशिष्यांची कथा ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीत आहे आणि श्रावणात ही पोथी घरोघर वाचतात. तिच्यातला स्त्रीराज्याचा भाग ही अस्सल दारापलीकडची कथा आहे.

स्त्रीराज्य म्हणजे जिथे मारुतीच्या भुभुःकारामुळे पुरुष टिकत नाही असा देश. तिथली राणी मैनाकिनी, तिलाच किलोतळा असेही म्हणतात. मारुतीच्या शब्दाखातर मच्छिंद्रनाथ तिथे जातात. आणि रमतात! राज्य, वैभव, संसार. मीननाथ नावाचा मुलगाही होतो. इकडे शिष्य गोरख गुरूला शोधत निघतो. पुरुषाला तर आत प्रवेश नाही, म्हणून कलिंगा नावाच्या नायकिणीच्या ताफ्यात तो बाईचा वेष घेऊन शिरतो, राणीच्या दरबारात मृदंग वाजवतो, आणि मृदंगातून बोल निघतात की चल मच्छिंदर, गोरख आला. गुरू दचकतात. हा बोल खेड्यापाड्यांत अजून म्हणीसारखा वापरतात.

ऐकणाऱ्यांचे यावर तीन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, एवढा मोठा योगी, पण मोहात पडला, हे खरे. दुसरा पक्ष म्हणतो, छे, नाथ कसे पडतील? ती शिष्याची परीक्षा होती. प्रभात कंपनीने १९३२ साली ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला. त्यात गोविंदराव टेंबे मच्छिंद्र झाले होते आणि दुर्गाबाई खोटे राणी. त्या बोलपटाने हाच दुसरा पक्ष घेतला: शेवटी सगळी गुरूची माया ठरते. आणि तिसरा पक्ष असतो तो बहुधा ओसरीवर मागे बसलेल्या बायांचा. त्या विचारतात, “आणि त्या राणीचं काय? तिचा नवरा गेला, मुलगा गेला, तिला कोणी विचारलं का?” पोथीने राणीला शापातून सोडवून तिच्या मूळ ठिकाणी धाडले आहे खरे, पण त्याने बायांचे समाधान होतेच असे नाही. पाहा, सुझनबद्दल विलायतेत जे विचारले गेले तेच इथे मैनाकिनीबद्दल विचारले जाते!

माझ्या मते पोथीकाराने मच्छिंद्राच्या बाबतीत फार शहाणपणाची एक गोष्ट केली आहे. गुरुशिष्य स्त्रीराज्यातून बाहेर पडले, पण कथा तिथे संपवली नाही. परतीच्या वाटेवर मच्छिंद्र सारखे विचारतात, “पुढे चोरांचे भय तर नाही ना?” गोरखला संशय येतो. योग्याला चोराचे भय कशाला? तो झोळी पाहतो, तर आत सोन्याची वीट! तो ती भिरकावून देतो. राज्य सुटले होते, पण वीट झोळीत आली होती. या एका विटेमुळे सगळी कथा खरी वाटते. कारण आपण सगळे जाणतो, माणूस दारातून एका पावलात बाहेर येतो, मन तेवढ्या झटपट येत नाही.

तेव्हा वाचकांच्या बोलण्यातून मला जे दिसते ते असे. बदल समोर घडावा. तो सोसण्यातून यावा. तो एकदम पुरा होऊ नये, झोळीत काही मागचे उरावे. आणि जो बदलला त्याला स्वतःचे चार शब्द बोलू द्यावे. कथेत यातले काही कमी पडले, तर वाचक गप्प बसत नाही. तो पत्र लिहितो, वाद घालतो, नवी कथा रचतो. आणि लेखक भेटण्यासारखा नसेल, तर अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थाम्याला वाट दाखवायचे काम देतो.

आता कोणी म्हणेल, “मास्तर, हे गोष्टीतले झाले. आम्हांला त्याचे काय?” म्हणून एक अनुभव सांगून आटोपतो.

सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत सातवी-आठवीच्या मुलींना मी सुझनची गोष्ट सांगितली. वर्ग तिच्यावर चिडला. “राणी होती आणि विसरली!” “खोटारडी!” असा गलका झाला. मागे एक मुलगी गप्प होती. तिला विचारले, तर म्हणाली, “सर, ती विसरली असं बाकीचे म्हणतात. ती कुठे म्हणाली?” मग थांबून म्हणाली, “मी सुट्टीत घरी गेले की आजी म्हणते, तू आता आमची नाही राहिली, बाजारातली झाली. मी पावरी बोलते तरी म्हणते, मध्येच मराठी बोलली. आणि इथे मराठी बोलताना पावरी शब्द आला की मुली हसतात.” वर्ग शांत झाला. मलाही काही सुचेना. मी वर्गाला विचारले, “मग आजीला काय सांगायचं?” ती म्हणाली, “सांगायचं नाही. तिच्याजवळ बसायचं. तिने मला बघायला पाहिजे.”

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी असे दार ओलांडतात. पाड्यावर भिली, पावरी नाहीतर मावची. शाळेत मराठी. निराळे जेवण, निराळी घंटा, निराळे कायदे. दिवाळीला आणि उन्हाळ्यात ती परत येतात, बदललेली असतात. तो बदल आपल्या माघारी झालेला असतो. म्हणून घरच्यांना तो पटत नाही, टोचतो. आणि मग आपणही त्या शेवटच्या पुस्तकातल्या मंडळींसारखे वागतो: मुलाला न विचारता, मुलाविषयी आपसांत बोलून मोकळे होतो. “शहरी झाला.” “आमचा राहिला नाही.” इकडे शाळेतही कोणी म्हणतो, “अजून सुधारला नाही.” दोन्हीकडून निकाल लागतो आणि मूल मध्ये उभे.

शिक्षकांना माझी विनंती साधी आहे. वर्गात अशी एखादी कथा वाचा. मग ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. विचारा: हा माणूस नेमका कुठे बदलला? तुम्हांला ते पटले का? त्याच्या झोळीत मागचे काय राहिले? आणि ज्याच्याबद्दल दुसरेच बोलले, त्याला बोलायला मिळाले असते तर तो काय म्हणाला असता? मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत उत्तर द्यावेसे वाटले तर देऊ द्या. उत्तरे चुकीची येतील, भांडणे होतील. होऊ द्या. एका मुलीने सुझनची बाजू मांडली, तेव्हा तिला स्वतःचीही बाजू मांडता आली, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि आईबापांना, आजी-आजोबांना एवढेच सांगणे. या दिवाळीला मूल शाळेतून घरी येईल, तेव्हा ते किती बदलले याचा हिशेब पहिल्याच रात्री मांडू नका. त्याला शेजारी बसवा आणि तिकडे काय पाहिले ते विचारा. मग इकडचे तुम्ही सांगा. डोंगरावरच्या त्या अश्वत्थाम्यालासुद्धा आपल्या लोकांनी इतकी वर्षे सुधारायला वेळ दिला आहे. आपल्याच लेकराला चार दिवस द्यायला काय हरकत आहे?